प्रवासात शेजारच्याला 'आवाज कमी करा' हे सांगायचं तरी कसं?

खिडकीकडची_जागा:

नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे पण मला त्याचं धड उत्तर अजून सापडलेलं नाही. रात्रीची गाडी असो, विमान असो नाहीतर नुसता वेटिंग हॉल, हल्ली तिथे कुणीतरी एक हमखास असतो ज्याचा मोबाईल स्पीकरवर चालू असतो. कधी रील्स, म्हणजे तोच गाण्याचा तुकडा परत परत पहिल्यापासून, कधी व्हिडिओ कॉल, ज्यात पलीकडचं अख्खं घर आपल्याला ऐकू येतं, कधी मॅच. आणि आजूबाजूचे सगळे काय करतात तर एकमेकांकडे बघून नाकं मुरडतात, कुणीतरी मोठ्ठा सुस्कारा सोडतं, आणि तो सुस्कारा ज्याच्यासाठी सोडलेला असतो तो एक सोडून बाकी सगळ्यांना ऐकू जातो.

गप्प बसलं तर आतल्या आत चडफडत बसायचं आणि बोललं तर पुढचे कितीतरी तास त्याच माणसाच्या शेजारी तोंड फुगवून बसायचं, दोन्ही नको वाटतं. उठून दुसरीकडे जावं म्हटलं तर जागा नसते.

तेव्हा विचारायचं असं की तुम्ही लोक नेमकं काय बोलता? 'लोकांना सिव्हिक सेन्सच नाही' हे मलाही माहीत आहे, त्यावर नको. मला वाक्य हवंय. किती वेळ थांबायचं, स्वतः सांगायचं की स्टाफला सांगायचं, एकदा सांगून ऐकलं नाही तर पुढे काय. आणि जाता जाता, पुढच्या सीटवाल्याने पाठ धाडकन मागे टाकली तर काय करायचं हेही कुणी सांगितलं तर बरं होईल, कारण तिथे तर हक्क त्याचाच असतो म्हणतात.


मधली_सीट:

किती वेळ थांबायचं? थांबायचंच नाही. पहिल्या दोन-चार मिनिटांतच बोलून टाकायचं. एक तर तेव्हा तुम्ही चिडलेले नसता त्यामुळे आवाज नॉर्मल येतो, आणि दुसरं म्हणजे तोही अजून सिनेमात रंगलेला नसतो. अर्ध्या-पाऊण तासाने सांगितलं की त्याच्या डोक्यात पहिला विचार हाच येतो की इतका वेळ चाललं ना, मग आत्ताच काय झालं. आणि खरं सांगायचं तर त्याचं तसं वाटणं अगदीच चूक नाही, कारण इतका वेळ कुणीच काही बोललेलं नसतं, त्याला कसं कळणार.

वाक्य हवंय ना, घ्या. "तुमच्याकडे इअरफोन आहेत का? मला आवाजाचा त्रास होतोय." बस. 'मला' म्हणायचं, 'सगळ्यांना' नाही. सगळ्यांना म्हटलं की आपण डब्याचे पुढारी होतो, आणि मग त्याला सगळ्यांसमोर हार मानायची नसते म्हणून तो मुद्दाम ऐकत नाही. याच कारणासाठी हळू बोलायचं, जवळ जाऊन, शेजारच्या दोघांना कळणारही नाही असं. आपण उभे असू आणि तो बसलेला असेल तर थोडं वाकायचं नाहीतर समोर टेकायचं, वरून बोललेलं काहीही दमदाटीच वाटतं.

त्याने आवाज कमी केला की थँक्यू म्हणून लगेच दुसरीकडे बघायचं. हे फार महत्त्वाचं आहे. कमी केल्यावरही आपण तिकडेच बघत बसलो तर तो चिडतो. आणि एक गृहीतच धरा, थोड्या वेळाने आवाज परत वाढतो. दहातल्या नऊ वेळा ते मुद्दाम नसतं, पुढचा व्हिडिओ मुळातच मोठ्या आवाजाचा असतो. तेव्हा दुसऱ्यांदा त्याच टोनमध्ये "अजून थोडा कमी होईल का", इतकंच. तिसरी वेळ आली तर मात्र मी स्वतः बोलत नाही, स्टाफला सांगते.

खोटी कारणं देऊ नका हां, मायग्रेन आहे वगैरे. मग तो बिचारा काळजीने सारखं विचारत राहतो आता बरं वाटतंय का म्हणून, आणि झोपायचं राहतंच.

मी बॅगेत वायरवाले जुने इअरफोन ठेवते, द्यायला. अर्थात हल्ली निम्म्या फोनना ते भोकच नसतं.


उगाच_शहाणा:

काही उपयोग नाही हो सांगून. ज्याला कळतं तो करतच नाही आणि जो करतो त्याला कळत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून धरा आणि आत सारून फुगेपर्यंत बोटाने दाबून ठेवा. बहुतेक लोक नुसतेच कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि मग म्हणतात काही फरक पडत नाही.

आणि महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेऊन प्रश्न सुटेल असं समजू नका. ते इंजिनाची घरघर छान कापतात कारण तो एकसुरी खालचा आवाज असतो, माणसाचं बोलणं तितकं कापलं जात नाही. उलट घरघर गेली की शेजारच्याचं बोलणं आणखी स्वच्छ ऐकू येतं. मजा.


कानसेन:

@उगाच_शहाणा, 'कळत नाही' हे तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत पण ते शब्दशः खरं आहे, म्हणून तर सांगण्याचा उपयोग होतो.

एटिएन लोंबार नावाचे एक फ्रेंच कानाचे डॉक्टर होते, त्यांनी १९११ साली हे मांडलं. माणूस बोलत असताना त्याच्या कानात मोठा आवाज सोडला की तो आपोआप मोठ्याने बोलायला लागतो, आवाज बंद केला की परत पहिल्यासारखा, आणि या सगळ्यात आपण ओरडत होतो हे त्याच्या गावीही नसतं. बहिरेपणाचं सोंग करणाऱ्यांना पकडायला म्हणे ही युक्ती वापरत, खरोखर बहिरा असेल त्याचा आवाज वाढणार नाही. आता विमानाच्या केबिनमध्ये उडताना ८० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, गाडीत चाकांचा खडखडाट असतो, त्यात कानात हेडफोन घातलेले. म्हणजे हेडफोन लावून फोनवर बोलणारा माणूस ओरडणारच. त्याला वाटत असतं आपण कुजबुजतोय. अशा माणसाला "तुमचा आवाज जरा जास्त येतोय" इतकं सांगितलं की तो खरंच चपापतो, मी बघितलंय.

दुसरी गोष्ट, दोन माणसं शेजारी बसून गप्पा मारत असतील तर आपल्याला झोप लागते पण एकजण फोनवर बोलत असेल तर लागत नाही, हे कधी लक्षात आलंय का? आवाज तेवढाच, किंबहुना निम्मा. यावर २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग केला होता. लोकांना एकाग्रतेची कामं दिली आणि मागे कधी पूर्ण संभाषण लावलं, कधी एकाच माणसाचं सलग बोलणं, कधी फोनवरच्या संभाषणाची फक्त एक बाजू. लक्ष विचलित झालं ते एका बाजूच्या वेळी. कारण आपला मेंदू पुढचं वाक्य काय असेल याचा सतत अंदाज बांधत असतो, आणि अर्धंच ऐकू आलं की तो अंदाज बांधता येत नाही, मग तो ते सोडूनही देत नाही. तेच बोलणं शब्द कळणार नाहीत असं घुसमटवून ऐकवलं तर त्रास गेला.

यातून काढायचं ते हे की फोनवर बोलणारा माणूस दोषी वाटून घेत नाही कारण त्याच्या दृष्टीने तो शेजारच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा कमीच बोलतोय. आणि म्हणून फोन आला तर दाराशी जाऊन बोलणं किंवा 'नंतर करतो' म्हणून ठेवणं बरं. व्हिडिओ कॉल स्पीकरवर, तो मात्र वेगळा गुन्हा आहे, तिथे दोन्ही बाजू ऐकू येत असूनही त्रास होतो, त्याला विज्ञान नाही.


पिल्लावाली:

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. तुम्ही सगळे आवाज या एका शब्दात सगळं कोंबताय. माझ्या मते आधी एकच प्रश्न विचारावा, हे त्या माणसाला या क्षणी थांबवता येण्यासारखं आहे का? मोबाईलचा आवाज, येतो. पाय पुढच्या सीटवर आपटणं, मोठ्या माणसाला नक्की येतो. तान्ह्या बाळाचं रडणं, नाही येत. खोकला, नाही येत. जे थांबवता येतं तेच सांगायचं, बाकीच्याला नुसतं सहन करायचं आणि शक्य असेल तर मदत करायची.

विमानात बाळ नेमकं उतरताना का रडतं माहीत आहे का? वर असताना केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, उतरताना तो वाढत जातो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, मोकळं होतं. बाळाला ते कळत नाही, आणि त्याच्या कानातून घशाकडे जाणारी नळीही लहान, अरुंद असते. म्हणजे ते हट्टाने रडत नाहीये, त्याला दुखतंय. उतरायला सुरुवात झाली की दूध पाजायचं किंवा चोखणी द्यायची, गिळत राहिलं की दाब सुटतो. आता इथे गंमत अशी होते की खाली टेकायच्या बऱ्याच आधी विमान उतरायला लागलेलं असतं आणि आई बिचारी सीटबेल्टचा दिवा लागायची वाट बघत असते, तोवर उशीर झालेला असतो. बाळ झोपलेलं असेल तर उठवावंसं वाटत नाही, पण कान दुखून उठण्यापेक्षा दूध पिताना उठलेलं बरं.

आणि आजूबाजूच्यांना एवढंच सांगेन की आईला दिसत असतं हो तुमचं तोंड. तिला सगळ्यात जास्त घाम फुटलेला असतो. "मी तुमची बॅग काढून देऊ का" एवढं कुणी म्हटलं तरी पुढचा सगळा प्रवास सुसह्य होतो.

पण! पाच वर्षांच्या मुलाच्या हातात टॅब देऊन तो फुल्ल आवाजात लावून दिला असेल तर तिथे बाळाची सवलत मागायची नाही. ते थांबवता येतं. मुलांचे हेडफोन मिळतात, ज्यांचा आवाज एका मर्यादेपुढे जातच नाही, ते घरी आठ दिवस आधीपासून घालून सवय करायची, ऐनवेळी दिले तर मूल फेकून देतं. हे पालकांना सांगितलं तर चालतं, मलाच सांगा, मुलाला परस्पर रागावू नका.


उगाच_शहाणा:

बाळांचं मान्य. इतका निर्दयी नाही मी.


खिडकीकडची_जागा:

@मधली_सीट, हे वाक्य चिकटवून ठेवण्यासारखं आहे, धन्यवाद. @पिल्लावाली, थांबवता येणारं आणि न येणारं, हा फरक माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पण सीटचं काय? पाठ मागे टाकणं थांबवता येतं, तरी तो म्हणणार बटण दिलंय म्हणजे वापरणारच.


गल्लीतली_ट्रॉली:

काही वर्षं केबिन क्रूमध्ये होते त्यामुळे सीटवर मी बोलते.

बटण त्याचं आहे हे खरं. पण जागा किती असते ते बघा, इकॉनॉमीत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर बहुतेक ठिकाणी २८ ते ३२ इंच असतं, आणि हे पायांना मिळणारं अंतर नाही, सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं, म्हणजे त्यात सीटची जाडीही आली. त्यातून पुढचा मागे आला की जे उरतं त्यात उंच माणसाचे गुडघे आधीच अडकलेले असतात. काही कंपन्यांनी तर पाठ मागे जाणाऱ्या सीटच काढून टाकल्या.

भांडणं होतात ती मागे घेण्यावरून कमी आणि धाडकन घेण्यावरून जास्त. मागच्याचा लॅपटॉप उघडा असेल तर स्क्रीनचं वरचं टोक पुढच्या सीटच्या खाचेत अडकतं आणि पाठ खाली आली की चिरडतं. गरम काही ट्रेवर असेल तर अंगावर. म्हणून मागे वळून एकदा बघायचं, "मी थोडी मागे घेतोय" म्हणायचं आणि हळूहळू घ्यायची. एवढं केलं तर शंभरात एखादाच नाही म्हणतो. जेवण वाटताना सरळ, बाकी लांबच्या रात्रीच्या फ्लाइटला सगळेच मागे घेतात तेव्हा कुणाची तक्रार नसते, दिवसाच्या तासाभराच्या फ्लाइटला मात्र कशाला लागतं मला कळलेलं नाही. मागे बसलेल्याने काय करावं, तर सीटला गुडघ्याने ढोसू नये. "मी जेवेपर्यंत जरा सरळ करता का" असं विचारलं तर करतात, वेळेची हद्द सांगितली की लोकांना सोपं जातं.

आणि स्टाफला कधी सांगायचं, तर तिसऱ्या वेळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. भीती वाटत असेल, माणूस प्यायलेला असेल, बाई एकटी असेल आणि शेजारचा अंगावर येत असेल तर पहिल्यांदाच बेल दाबा, स्वतः काही बोलायला जाऊ नका. आम्ही 'तक्रार आली आहे' असं न म्हणता 'सर, केबिनमध्ये हेडफोन वापरायचा नियम आहे' असं म्हणतो, त्यामुळे तुमचं नाव येत नाही.

आता माझी स्वतःची चीड सांगते, आवाजापेक्षा मोठी. बॅगा. चढताना माणूस गल्लीत उभा राहून बॅग वर ठेवतो, मग त्यातून चार्जर काढायचा आठवतो, मग जॅकेट काढतो, आणि मागे रांग दारापर्यंत. जेसन स्टेफन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये यावर पेपर लिहिला होता. चढायला वेळ लागतो तो चालण्यात नाही, गल्लीत उभं राहून सामान लावण्यात, कारण एक उभा राहिला की मागचे सगळेच उभे. तेव्हा लागणाऱ्या वस्तू आधीच एका छोट्या पिशवीत काढून हातात ठेवा, आपल्या ओळीत आत सरका, लोकांना जाऊ द्या, मग जॅकेट काढा. चाकांची बॅग उभी आत सारा, आडवी नको, आडव्या एका बॅगेने दुसऱ्याची जागा जाते. जॅकेट आणि पर्स सगळ्यांच्या बॅगा लागल्यावर वर टाका. उठताना पुढच्या सीटची पाठ पकडून ओढू नका, त्यावर झोपलेल्या माणसाचं डोकं मागे खेचलं जातं, हाताच्या दांड्यांवर जोर देऊन उठा.

आणि इमर्जन्सीत सामान घेऊ नका. हे शिष्टाचारात येतं का म्हणाल तर माझ्या मते सगळ्यात आधी येतं. प्रवासी विमानाला परवानगी देताना निम्मी दारं बंद ठेवून सगळे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावं लागतं, त्या हिशोबात कुणाची ट्रॉली बॅग धरलेली नसते. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं, त्यात ३७९ माणसं होती, सगळीच्या सगळी बाहेर आली. सामान आत सोडून. छोट्या विमानातले पाच जण मात्र गेले. व्हिडिओ बघा, कुणाच्या हातात बॅग शोधून सापडत नाही. गल्ली कुणाच्या मालकीची नाही हे लोकांना एरवीही पटलेलं असलं की अशा वेळी वेगळं सांगावं लागत नाही.


मधली_सीट:

हाताच्या दांड्यांचंही सांगून टाका ना एकदा! मधल्याला दोन्ही, खिडकीला भिंत, गल्लीला मोकळी बाजू. माझ्या नावातच माझं दुःख आहे.


गल्लीतली_ट्रॉली:

हो, मधल्याला दोन्ही. कायदा नाही पण बहुतेक क्रूला विचाराल तर हेच म्हणतील. आणि परफ्यूम, प्लीज. केबिनच्या हवेतले फिल्टर बारीक कण पकडतात, पण वास हा वायू असतो, तो त्यात अडकत नाही. शेजारच्याला दम्याचा त्रास असेल तर त्याने जायचं कुठे.


सरकता_जिना:

एवढ्या शहाण्या चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो. शिष्टाचार शिष्टाचार म्हणून आपण जे धरून बसतो त्यातलं काही नुसती सवय असते, त्याने कुणाचं भलं होतंच असं नाही.

सरकत्या जिन्यावर एका बाजूला उभं राहायचं आणि दुसरी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, हे जगभर लोक मोठ्या निष्ठेने पाळतात, न पाळणाऱ्याला ओरडतातही. लंडनच्या हॉलबोर्न स्टेशनवर २०१५ मध्ये प्रयोग केला की गर्दीच्या वेळी दोन्ही बाजूंना उभंच राहा. तर जास्त माणसं वर गेली. कारण जिना उंच असला की फार थोडे चालतात, मग चालणाऱ्यांची डावी बाजू जवळपास रिकामी जाते आणि खाली उजव्या बाजूच्या रांगेत माणसं तुंबतात. लोक भयंकर चिडले होते, कारण त्यांना वाटलं आपलं सौजन्यच काढून घेताहेत. जपानमध्ये तर टोकियोत डावीकडे उभे राहतात आणि ओसाकात उजवीकडे, आणि सायतामा प्रांताने २०२१ मध्ये नियमच केला की चालू नका, उभे राहा, कारण ज्याचा एक हात अधू आहे त्याला ठराविक बाजूचाच कठडा धरता येतो, त्याने काय करायचं.

तेव्हा एखाद्याला सांगायला जाण्याआधी बघावं की त्याने खरंच कुणाला त्रास होतोय की आपल्याला फक्त पद्धत मोडलेली सहन होत नाहीये. मला स्पीकरवरचा मोबाईलही नको आहेच, पण खिडकीचा पडदा खाली-वर यावरून लोक ज्या तत्त्वनिष्ठेने भांडतात ते बघून हसू येतं.


कानसेन:

@सरकता_जिना, जिन्याचं पटलं पण पडद्याचं तितकं नाही. बारा तासांच्या फ्लाइटमध्ये सगळी केबिन अंधारात झोपलेली असताना एकाने पडदा उघडला की उन्हाचा झोत पाच ओळींवर जातो. खिडकीवाल्याची खिडकी आहे, ऊन त्याचं एकट्याचं नाही.


सरकता_जिना:

बरोबर, तिथे त्रास खरा आहे. मी म्हणतोय ते दिवसाढवळ्या 'मला फोटो काढायचाय' आणि 'मला स्क्रीन दिसत नाही' वाल्यांबद्दल. टेकऑफ-लँडिंगला तर क्रूच उघडा ठेवायला सांगते, बाहेर आग-बिग दिसावी म्हणून, तेव्हाही लोक वाद घालतात.


डॉर्मवाला:

सगळं विमानातच चाललंय, हॉस्टेलच्या डॉर्मबद्दल कुणीच नाही बोललं. आठ बेडची खोली, आठ अनोळखी माणसं, तिथे खरी कसोटी.

पहाटेची गाडी असेल तर बॅग रात्रीच भरून खोलीबाहेर किंवा दाराशी ठेवा आणि अंगावर घालायचे कपडे उशाशी. पहाटे चारला जो आवाज सगळ्यात जास्त झोपमोड करतो तो बोलण्याचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीचा. एक पिशवी उघडायची, मग तिच्या आतली पिशवी, मग गाठ सुटत नाही. सामान कापडी पिशव्यांत भरा, जगावर उपकार होतील. मोठा दिवा लावू नका, मोबाईलचा टॉर्चही छताकडे किंवा लोकांच्या तोंडावर नको, तळहाताने झाकून बोटांच्या फटीतून जेवढा येतो तेवढा पुरतो. अलार्म उशीखाली व्हायब्रेटवर. आणि स्नूझ! ज्याला स्नूझ करायचंय त्याने स्वतंत्र खोली घ्यावी. स्वतः ढाराढूर झोपलेला असतो आणि बाकीचे सात जण दर पाच-दहा मिनिटांनी उठतात.

ओला टॉवेल वरच्या बेडच्या शिडीवर वाळत घालू नका, रात्री उतरणाऱ्याचा पाय सरकतो. चार्जिंगचा एकच पॉइंट असेल तर झोपताना आपला फोन भरला असेल तर काढून दुसऱ्याला द्या.


उगाच_शहाणा:

सगळं छान आहे हो, पण इथे लिहिणारे आणि वाचणारे आधीच शहाणे. पिशवी वाजवणारा हे वाचत नाही. लोक सुधारत नाहीत हेच खरं.


गल्लीतली_ट्रॉली:

असं कसं म्हणता. विमानात सिगारेट ओढत असत लोक! सीटच्या हातात राखेची डबी असायची आणि 'स्मोकिंग'ची ओळ संपली की लगेच पुढच्या ओळीपासून 'नो स्मोकिंग', जसा काही धूर पाटी वाचून थांबणार आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये आधी दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत फ्लाइट्सना बंदी आली, १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या, आणि २००० मध्ये सगळ्याच. ती आली कारण केबिन क्रूमधल्या बायका वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या, प्रवाशांचे शिव्याशाप खाऊन. त्या काळी 'सिगारेट विझवता का' म्हणणारा माणूसच उद्धट ठरायचा. आज विमानात कुणी पेटवली तर शेजारचे लोकच आधी उठतील. तेव्हाचे प्रवासी काही आजच्यापेक्षा दुष्ट नव्हते.

गाड्यांमधले शांत डबेही असेच आले. अमेरिकेत अॅमट्रॅक या रेल्वेकंपनीच्या गाड्यांना क्वाएट कार आहे, ती २००० च्या सुमारास रोजच्या काही प्रवाशांनीच मागणी करून सुरू करून घेतली, फोनवरच्या बोलण्याला वैतागून. मग इतर ठिकाणी पसरलं.


उगाच_शहाणा:

ठीक आहे, सिगारेटचा मुद्दा दिला तुम्हाला. पण तिथे दंड होता, मोबाईलला कुठे आहे. नुसत्या गोड बोलण्याने सिगारेट गेली असती का सांगा.


पिल्लावाली:

नसती गेली. पण आधी कुणीतरी सांगायला लागलं म्हणून नियम झाला, आधी दंड आणि मग लोकांना त्रास व्हायला लागला असं नाही ना झालं.


खिडकीकडची_जागा:

बरीच मदत झाली. एकच राहिलं, घोरणारा शेजारी. पिल्लावालीच्या हिशोबाने थांबवता न येणारं, म्हणजे सहनच करायचं?


मधली_सीट:

अर्धंमुर्धं. घोरणं त्याच्या हातात नाही पण उताणं झोपणं बऱ्याचदा असतं, उताणं झोपलं की जीभ आणि टाळू मागे पडतात आणि घोरणं वाढतं, कुशीवर वळलं की बऱ्याच जणांचं कमी होतं. दारू घेतली असेल तर आणखी वाढतं. पण म्हणून अनोळखी झोपलेल्या माणसाला हलवायचं नाही, तो दचकून काय करेल सांगता येत नाही. ज्याला स्वतःला माहीत आहे की आपण घोरतो त्याने झोपायच्या आधीच शेजाऱ्याला सांगून ठेवावं, "मी घोरतो, फार झालं तर खांद्यावर थापटा", आणि डॉर्ममध्ये असेल तर इअरप्लगची एक्स्ट्रा पाकिटं ठेवावीत वाटायला. असं आधी सांगितलेल्या माणसाचा राग येत नाही, आणि थापटायची परवानगीही मिळालेली असते.

सांगितलं नसेल तर उगाच_शहाणा यांनी वर लिहिलेली पद्धत, कान वर ओढून.


उगाच_शहाणा:

फुगेपर्यंत दाबून ठेवायचं विसरू नका.